न्यू मेक्सिकोला निघण्याआधी एवढं वाचून घ्या

आमच्या सहलीच्या नोंदणीला आलेल्या एका काकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मेक्सिकोचा व्हिसा वेगळा काढावा लागेल का हो?" त्यांना हसू नका. अमेरिकेतल्या लोकांचाही हा घोळ होतो. तिथल्या राज्याच्या मासिकात अशा किश्श्यांचं एक सदर वर्षानुवर्षं चालत आलंय. न्यू मेक्सिको हे अमेरिकेचंच राज्य, १९१२ साली संघात आलेलं सत्तेचाळिसावं. नाव मात्र मेक्सिको देशाहून जुनं आहे. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकापासून या मुलखाला 'नुएव्हो मेहिको' म्हणत, आणि मेक्सिको देश स्वतंत्र झाला १८२१ साली. तेव्हा अमेरिकेचा व्हिसा पुरेसा आहे.

हे राज्य आम्ही सहलीत का घेतलं, तर 'अमेरिकेला इतिहास कुठाय, दोनशे-अडीचशे वर्षांचा' हे वाक्य आम्हीही अनेकदा म्हटलंय, आणि इथे येऊन ते गिळलंय.

उंची, अंतरं आणि पाऊस

अल्बुकर्कीला विमान उतरतं, तीच जमीन जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढी उंच, ५,३०० फुटांच्या वर. तिथून तासाभरावरचं सांता फे ७,००० फुटांवर. अमेरिकेतल्या राज्यांच्या राजधान्यांमध्ये सर्वात उंच. पहिल्या दिवशी दोन जिने चढून धाप लागली तर घाबरू नका, पण त्या दिवशी डोंगर चढायचा हट्टही नको. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही. तहान लागायची वाट न पाहता पाणी पीत राहा. ओठांना लावायला घरचं तूप चालेल, आमच्या सहलीतल्या आज्या तेच लावतात.

आकाराने राज्य महाराष्ट्राहून किंचित मोठं, सुमारे ३ लाख १५ हजार चौरस किलोमीटर. वस्ती २०२० च्या जनगणनेत २१ लाख. म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्याएवढी माणसं अख्ख्या महाराष्ट्रभर विखरून दिल्यासारखं. दोन पेट्रोल पंपांमध्ये तासभर काहीच न दिसणं ही तिथली रोजची गोष्ट आहे. वाटेत 'पुढच्या हॉटेलात चहा घेऊ' असं कुणी म्हटलं, तर ते पुढचं हॉटेल नसतं.

जुलै-ऑगस्टमधल्या दुपारच्या वादळी सरींना तिथे चक्क 'मॉन्सून' म्हणतात. अल्बुकर्कीत वर्षाकाठी जेमतेम नऊ इंच पाऊस, त्यामुळे आपल्याला हसू येतं. पण कोरडे ओढे, ज्यांना तिथे 'अरॉयो' म्हणतात, डोक्यावर ऊन असतानाही डोंगरातल्या पावसाने एकदम भरून वाहतात. फोटोसाठी त्यात उतरू नका.

१६८० साल

रिओ ग्रांदे नदीच्या आसपास मूलनिवासींची १९ 'पुएब्लो' आजही नांदती आहेत. पुएब्लो म्हणजे गाव. गावाचं, समाजाचं आणि त्यांच्या स्वतःच्या शासनाचं नाव एकच. स्पॅनिश वसाहत आली १५९८ मध्ये, हुआन दे ओन्यातेबरोबर. पुढच्याच वर्षी त्याच्या सैनिकांनी ॲकोमा गावात भयंकर कत्तल केली. सांता फे १६१० चं. तिथल्या चौकातला राज्यपालांचा वाडा त्याच काळातला, आणि त्याच्या ओसरीवर आजही मूलनिवासी कारागीर चादर अंथरून चांदी-फिरोज्याचे स्वतः घडवलेले दागिने विकायला बसतात. माल अस्सल असतो. तुळशीबागेसारखी घासाघीस तिथे करू नये.

आपल्याकडे शिवछत्रपतींचं निधन झालं त्याच १६८० सालच्या ऑगस्टात, पोपे नावाच्या पुढाऱ्याने वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या या गावांना एकत्र आणून उठाव केला. निरोप कसा धाडला? दोरीला गाठी मारून. धावपटू गावोगाव दोरी घेऊन गेले. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. दोन धावपटू पकडले गेले, म्हणून उठाव ठरल्याआधीच सुरू झाला, तरीही स्पॅनिशांना सांता फे सोडून पळावं लागलं. बारा वर्षं ते परत आले नाहीत. वॉशिंग्टनच्या संसद भवनात न्यू मेक्सिकोने पोपेचा पुतळा बसवलाय २००५ साली, आणि त्याच्या हातात ती गाठींची दोरी आहे. पुढे १८२१ मध्ये मेक्सिको आणि १८४८ च्या तहाने अमेरिका, एवढी सत्तांतरं झाली. त्यात सगळ्यांनी एकमेकांच्या भाषा, देव आणि तिखट उचललं.

टाउस पुएब्लोत मातीची, एकावर एक चढलेली घरं पाहाल. जुन्या तटबंदीच्या आत आजही वीज नाही, नळ नाही. मधून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी. हा ओढा ज्या निळ्या सरोवरातून येतो, ते सरकारने १९०६ मध्ये वनखात्याच्या ताब्यात घेतलं होतं. गावाने चौसष्ट वर्षं पाठपुरावा करून १९७० मध्ये ते परत मिळवलं. जवळच्या रांचोस दे टाउस इथल्या चर्चच्या भिंतींना दर जूनमध्ये गावकरीच माती-पेंढ्याचा नवा गिलावा देतात. सारवलेल्या अंगणात वाढलेल्यांना तो वास ओळखीचा वाटेल.

इथे एक विनंती, जरा कडक शब्दांत. ही गावं म्हणजे संग्रहालयं नाहीत, लोक राहतात तिथे. फोटोचे नियम प्रत्येक गावाचे वेगळे. गावच्या सणाला बहुतेक ठिकाणी मोबाइल खिशातून काढायलाही बंदी. नाच संपल्यावर टाळ्या वाजवू नका. ती प्रार्थना असते. आपण काकड आरती संपल्यावर टाळ्या वाजवून दाद देतो का?

लाल की हिरवी?

हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक हॉटेलात विचारतील. राज्याच्या विधिमंडळाने तो अधिकृत 'राज्य-प्रश्न' म्हणून मान्यही केलाय. विषय मिरचीचा. झाड एकच, कोवळी तोडली तर हिरवी, पिकू दिली तर लाल. दोन्ही हव्या असतील तर नुसतं 'ख्रिसमस' म्हणायचं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलात तर किराणा दुकानांच्या आवारात जाळीचे लोखंडी पिंप फिरताना दिसतील. खाली गॅसची भडकती ज्वाळा, आत हॅच खोऱ्यातली वीतभर लांबीची मिरची. सालं तडतडतात, काळी पडतात, आणि सगळ्या रस्त्यावर तो खमंग वास. मग ती गरमच पिशवीत बांधून देतात, म्हणजे वाफेने साल सुटतं. लोक पोत्याने नेतात आणि वर्षभरासाठी फ्रीजरमध्ये ठेवतात. उन्हाळ्यात डंकावर मसाला कुटायला रांग लावणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. तरी मिरची मूळची त्या खंडातली, आपल्या ठेच्यात ती पोर्तुगीजांमुळे आली. म्हणजे इथे आपण मिरचीच्या माहेरच्या मुलखात जातोय.

शाकाहारी मंडळींनी मात्र विचारूनच खावं. हिरव्या मिरचीच्या रश्शात बहुधा डुकराचं मांस असतं, आणि घेवड्यातही कधी चरबी. 'सोपापिया' निर्धास्त वाटली तरी तळण कशात ते विचारा. टम्म फुगलेली चौकोनी पुरी, कोपरा फोडून आत मध ओतायचा. पहिल्या खेपेला आमच्या बाविसांच्या गटाने ती तीनदा मागवली.

पांढरी वाळू

दक्षिणेला व्हाइट सँड्स. सुमारे ७०० चौरस किलोमीटर पांढऱ्याशुभ्र टेकड्या, आणि ती वाळू नसून जिप्सम आहे, आपल्या गणपतीच्या पीओपीचा कच्चा माल. एरवी जिप्सम पाण्यात विरघळून नदीवाटे वाहून जातं. या खोऱ्यातून पाणी बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून साचत गेलं. भर उन्हातही ते पायांना फारसं भाजत नाही. प्लॅस्टिकच्या थाळीत बसून घसरायला साठीच्या पुढच्यांनाही मज्जाव नाही.

शेजारी लष्कराचा क्षेपणास्त्रांचा तळ आहे. चाचणी असली की रस्ता तासन्‌तास बंद होतो, आमचा नाइलाज असतो. त्याच तळाच्या उत्तर टोकाला १६ जुलै १९४५ च्या पहाटे जगातला पहिला अणुस्फोट झाला. बॉम्ब तयार झाला उत्तरेच्या लॉस अलामोसमध्ये. ते आपण पाहणार आहोत; स्फोटाची जागा मात्र वर्षातून एखाददुसऱ्या दिवशीच उघडते, म्हणून सहलीत नाही. आसपासच्या वाड्या-वस्त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं, नंतरही नाही. केंद्राच्या भरपाई कायद्यात त्यांचं नाव यायला २०२५ उजाडलं.

व्हाइट सँड्सहून पश्चिमेला येताना सीमा पोलिसांची चौकी लागते. आपण सीमा ओलांडलेली नसते, तरी गाडी थांबवतात. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको, हाताशी हवा.

ऑक्टोबरच्या तुकडीसाठी: अल्बुकर्कीतल्या बलून उत्सवाला (गरम हवेचे अवाढव्य फुगे माणसांना घेऊन उडतात तो) पहाटे साडेचारला निघावं लागेल, थंडी बोचरी असते. स्वेटर आणि कानटोपी आणा. निघण्याआधीच्या रविवारी सकाळी अकराला कार्यालयात चहाला या. कागदपत्रं तेव्हाच तपासून घेऊ आणि कुणाची खोली कुणाबरोबर तेही तिथेच ठरवू.