ॲपलचा १९९८चा नफा आणि बिचकलेला बाजार

६ जानेवारी १९९८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड या ॲपलच्या संगणकांच्या मेळाव्यात कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांनी भाषणाच्या अगदी शेवटी, विसरलेलं काहीतरी आठवावं तसं सांगितलं, की डिसेंबरअखेरच्या तिमाहीत ॲपलला किमान ४.५ कोटी डॉलर नफा झाला आहे. शेअर त्याच दिवशी १५.८८ डॉलरवरून १८.९४ वर गेला, म्हणजे सुमारे १९ टक्के वर. दुसऱ्या दिवशी मात्र तो १७.५० वर आला आणि आदल्या दिवशीची जवळपास निम्मी वाढ ओसरली.

बुडीत निघालेली कंपनी नफ्यात येते आणि बाजार एका दिवसात थंडावतो, याचं कारण त्याआधीच्या दोन वर्षांत आहे.

ॲपलचं आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपतं. जानेवारी ते मार्च १९९६ या एकाच तिमाहीत कंपनीने ७४ कोटी डॉलर गमावले होते. गिल अमेलिओ नुकतेच सीईओ झाले होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी २.५ कोटींचा नफा जाहीर केला. तो कोणाच्याच हिशेबात नव्हता, त्यामुळे आता गाडी रुळावर आली असं वाटू लागलं. पुढची तिमाही नाताळची, खरं तर विक्रीचा हंगाम. त्यात १२ कोटींचा तोटा निघाला. आर्थिक वर्ष १९९७ संपलं तेव्हा तोटा १०४.५ कोटींवर गेला होता; त्यात जॉब्ज यांची नेक्स्ट कंपनी विकत घेण्याचा खर्चही होता. ‘नफ्यात परतलो’ ही बातमी भागधारकांनी एकदा ऐकून झाली होती.

विश्वास उडालेल्यांत खुद्द जॉब्जही होते. नेक्स्टच्या व्यवहारात मिळालेले १५ लाख शेअर त्यांनी जून १९९७ मध्ये विकून टाकले, एकच ठेवला. जुलैमध्ये अमेलिओ पदावरून गेले. ६ ऑगस्टला मायक्रोसॉफ्ट १५ कोटी डॉलर गुंतवणार असं जाहीर झालं आणि शेअर एका दिवसात ३३ टक्के उसळून २६.३१ वर बंद झाला. डिसेंबरअखेर तोच शेअर १३.१३ ला मिळत होता. मधल्या काळात, ऑक्टोबरमध्ये, डेल या संगणक कंपनीचे मायकेल डेल यांनी ‘मी असतो तर कंपनी बंद करून भागधारकांचे पैसे परत केले असते’ अशा अर्थाचा शेराही मारून ठेवला होता. प्रतिस्पर्ध्याचा शेरा म्हणून तो सोडून देता येतो, पण तेव्हा तो अनेकांना फारसा अतिरेकी वाटला नव्हता.

त्यामुळे जानेवारीत नफ्याचा आकडा ऐकल्यावर जाणकारांनी आधी विक्रीचा आकडा पाहिला, आणि ते रास्तच होतं. अंतिम नफा ४.७ कोटी निघाला, पण उलाढाल वर्षभरात २१३ कोटींवरून १५८ कोटींवर घसरली होती. जी थ्री हे नवं मॅक (ॲपलचा संगणक) नोव्हेंबरमध्ये येऊन चांगलं खपलं होतं. बाकीचा नफा मुख्यतः काटकसरीचा होता. नोकरकपात, छाटलेली उत्पादनं, मॅकच्या नकला बनवणाऱ्यांचे बंद केलेले परवाने. फेब्रुवारीत न्यूटन हे हातात मावणारं उपकरणही बंद झालं.

मार्चमध्ये टिम कुक कामकाज सांभाळायला आले आणि गोदामांकडे वळले. पडून राहिलेला माल संगणकाच्या धंद्यात आठवड्यागणिक स्वस्त होतो. सप्टेंबर १९९७ ला ४३.७ कोटींचा असलेला साठा वर्षभरात ७.८ कोटींवर आला. पुढच्या तिमाह्यांचे नफे ५.५, १०.१ आणि १०.६ कोटी, वर्षाचे एकूण ३०.९ कोटी. आधीच्या तोट्यांमुळे त्यावर करही जेमतेम लागला.

विक्रीचा प्रश्न सुटला तो आयमॅक या नव्या संगणकामुळे. ऑगस्टमध्ये तो दुकानांत आला आणि पहिल्या सहा आठवड्यांत २.७८ लाख नग गेले. तरी आर्थिक वर्ष १९९८ ची उलाढाल ५९४ कोटीच होती; तीन वर्षांपूर्वी ती ११०६ कोटी होती. डिसेंबर १९९८च्या तिमाहीत ती अखेर वाढली, १७१ कोटींवर गेली. शेअरने तोवर वाट पाहिली नव्हती: वर्षअखेर तो ४०.९४ वर, बारा महिन्यांत तिपटीहून जास्त.

सप्टेंबर २००० मध्ये कंपनीने विक्री अपेक्षेपेक्षा कमी राहील असं कळवलं. ॲपल तेव्हा नफ्यातच होतं. २९ सप्टेंबरला शेअर एका दिवसात ५२ टक्के पडला.