ग्राफिक नॉव्हेल म्हणजे आयता स्टोरीबोर्ड? छे!

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आसपास चहा घेताना ग्राफिक नॉव्हेलबद्दल, म्हणजे पुस्तकभर लांबीच्या कॉमिकबद्दल, हे ज्ञान हमखास कानावर पडतं: 'ग्राफिक नॉव्हेलवर सिनेमा करणं सोपं. चित्रं तयारच असतात, कॅमेरा लावायचा आणि चौकटीमागून चौकट शूट करायची.' समज जुना आहे, आणि चुकीचा.

स्टोरीबोर्डची, म्हणजे शूटिंगआधी काढून ठेवलेल्या दृश्यचित्रांची, चौकट सहसा पडद्याच्या मापाची असते. कॉमिकमध्ये एक चौकट उभी, पुढची चिंचोळी, मध्येच अख्खं पान. उद्ध्वस्त शहराचं उभं पान आडव्या पडद्यावर बसवायचं तर इमारतींचे माथे कापा, नाहीतर कॅमेरा खालून वर न्या. कॅमेरा हलला की किती वेळ बघायचं हे दिग्दर्शक ठरवतो. पानावर ते वाचकाच्या हातात असतं. शिवाय दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचक मनातच मारामारी पूर्ण करतो. सिनेमात ती करून दाखवावी लागते, पैसे मोजून.

'सिन सिटी' (२००५) हा सिनेमा बराचसा कॉमिकच्या चौकटीबरहुकूम केला, हे खरं. पण त्यासाठी जवळपास सगळं ग्रीन स्क्रीनपुढे, म्हणजे मागचं दृश्य नंतर संगणकावर भरता येईल अशा हिरव्या पडद्यापुढे, शूट करावं लागलं. याला सोपं म्हणायचं?

कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो यांनी 'स्नोपियर्सर'साठी (२०१३) फ्रेंच कॉमिकमधून गोठलेली पृथ्वी, धावती गाडी आणि डब्यांची उतरंड घेतली. पात्रं नव्याने रचली. 'अकिरा' या जपानी कॉमिकचं तर विचारूच नका. चित्रकार आणि दिग्दर्शक एकच, कात्सुहिरो ओतोमो. तरी सिनेमा आला १९८८मध्ये आणि कॉमिक संपलं १९९०मध्ये. मग शेवटाची चित्रं 'तयार' होती कुठे?