मोठ्यांचं लसीकरण : लोकांना काय माहिती असतं, काय वाटतं (महाराष्ट्र)

मोठ्यांचं लसीकरण म्हणजे अठरा वर्षांपुढच्या माणसांनी घ्यायच्या लसी. ही नोंद लसींपेक्षा लोकांच्या मनाबद्दल जास्त आहे. आपल्याकडे मोठ्या माणसांच्या लसींना विरोध तसा कमीच, पण ती गोष्ट मुळात डोक्यातच नसते, लस म्हटलं की बाळ, अंगणवाडी आणि पोलिओचा रविवार एवढंच आठवतं.

बोलण्यातले शब्दच बघा ना. बाळाला डोस पाजतात, लस टोचतात, पण गंजका खिळा पायात घुसला की घ्यायचं ते 'टीटीचं इंजेक्शन' आणि कुत्रं चावलं की 'कुत्र्याचं इंजेक्शन'. दोन्ही लसीच आहेत पण मोठेपणी लस घेतलीत का असं विचारलं तर माणूस नाही म्हणतो, फार तर कोरोनाची घेतली म्हणतो. टीटी म्हणजे धनुर्वाताची लस, आता तिच्या जागी घटसर्पाचीही सोबत असलेली टीडी आली आहे. लहानपणचा कोर्स पूर्ण असेल तर दर १० वर्षांनी एक बूस्टर, खिळ्याची वाट बघायचीच नसते. पण लोकांत पक्कं बसलेलं आहे की टीटी सहा महिनेच चालतं, त्यामुळे काही जण दर जखमेला घेतात आणि बाकीचे वीस-वीस वर्षं घेतच नाहीत.

कुत्र्याच्या इंजेक्शनची भीती तर जुन्या पिढीकडून आली आहे. पूर्वी मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस पोटात द्यायचे, चौदा सुया, आणि ते ज्यांनी भोगलं त्यांनी घरोघर सांगितलं. ती लस कधीच बंद झाली, आता चार किंवा पाच डोस दंडात मिळतात, सरकारी दवाखान्यात फुकट, तरी अजून जखमेवर हळद, चुना, मिरची लावून दोन दिवस वाट बघणारी माणसं आहेत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून १५ मिनिटं साबणाने जखम धुवायची आणि त्याच दिवशी पहिला डोस, इथे उशीर करायला जागाच नाही.

सरकारी कार्यक्रम १९७८ ला सुरू झाला, १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम झाला, पण तो लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी. बाकी मोठ्यांनी आपलं आपण बघायचं. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाने २००९ ला मोठ्यांच्या लसींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, तरी २०१७-१८ च्या 'लासी' या वाढत्या वयाबद्दलच्या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरच्या लोकांत फ्लू, न्यूमोनिया, टायफॉइड, हिपॅटायटिस बी यातली एकेक लस घेतलेले प्रत्येकी २ टक्केसुद्धा निघाले नाहीत. माझ्या मते याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे कुणी सांगतच नाही. डायबिटीसचा पेशंट दर तीन महिन्यांनी डॉक्टरकडे जातो, शुगर बघतात, बीपी बघतात, गोळी बदलतात, पण तुमच्यासारख्यांना दरवर्षी फ्लूची आणि एकदा न्यूमोनियाची लस हवी हे वाक्य येतच नाही, आणि आपण विचारायचं हे पेशंटला कुठून सुचणार. दुसरं कारण पैसा. फ्लूची लस खाजगीत दीड-दोन हजारांपर्यंत जाते, घरात चार म्हातारी माणसं असतील तर हिशोब लगेच होतो.

नागिणीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. कमरेवर, छातीवर पाण्याचे फोड पट्ट्यासारखे उठतात, आग होते, आणि घरातले म्हणतात की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. मग गेरू लावतात, मंत्राने उतरवणाऱ्याकडे नेतात. खरं म्हणजे लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी लपून राहिलेला असतो, वय झालं किंवा प्रतिकारशक्ती घटली की तो एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून फोड अंगाच्या एकाच बाजूला येतात, आणि तोंड-शेपूट सहसा जुळतच नाही. फोड आपोआप वाळतात, त्याचं श्रेय गेरूला जातं, पण मागे राहणारी वेदना काहींना कित्येक महिने झोपू देत नाही. पन्नाशीनंतर घ्यायची, दोन डोसची लस २०२३ पासून भारतात आहे, महाग आहे, आणि नागिणीला लस असते हे ऐकून बहुतेकांना आश्चर्यच वाटतं.

मोठ्या माणसांनी लस घेणं आपल्याला नवीन आहे असंही नाही. प्लेगची साथ आली तेव्हा जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईतच लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी तयार झाले. लोक घाबरत होते म्हणून इस्माइली पंथाचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी अनुयायांसमोर ती टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी याच लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ माणसं धनुर्वाताने गेली, हाफकिन यांना निलंबित केलं गेलं, ते निर्दोष ठरायला पाच वर्षं गेली. विश्वास बसायला काय लागतं आणि तो उडायला काय पुरतं, दोन्ही त्यात दिसतं.

कोरोनात चित्र पालटलं. १६ जानेवारी २०२१ ला सुरुवात आरोग्य कर्मचाऱ्यांपासून झाली, १ मे पासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना, आणि माणसं पहाटेपासून रांगेत, स्लॉट मिळाला की नातेवाइकांना फोन. लस पुण्यात बनते याचा अभिमानही होता. पण तिसऱ्या डोसपर्यंत उत्साह ओसरला, आणि मग तरुण माणूस अचानक गेला की लसीमुळेच असं व्हॉट्सअपवर फिरायला लागलं. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने १८ ते ४५ वयाच्या लोकांवर अभ्यास केला, २०२३ मध्ये निष्कर्ष आला की लसीमुळे अशा मृत्यूचा धोका वाढलेला नाही. २०२४ ला याच पुण्यात बनणाऱ्या लसीने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात अशी बातमी इंग्लंडच्या कोर्टातून आली तेव्हा भीती परत उसळली. तो परिणाम खरा आहे पण अतिशय दुर्मिळ, आणि दिसतो तो डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, तीन वर्षांनी नाही. हे समजावून सांगणारं माणूस जवळ नसतं, ही खरी अडचण.

बाकी लस घ्यायला निमित्त लागतं. हजला जाणारे मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेची) घेतात, आफ्रिकेत कामाला जाणारे यलो फिव्हरची, कारण कागदाशिवाय सोडत नाहीत. हिपॅटायटिस बी चे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, सोसायटीच्या कॅम्पात पहिला होतो, तिसरा राहून जातो, कारण आठवण करून देणारं काहीच नसतं. बाळाचं पिवळं पडलेलं लसीकरण कार्ड आई कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं जपते, तिच्या स्वतःच्या नावाचं तसं कार्ड बाळंतपणानंतर घरात नसतं.