शालेय उपस्थितीचे कायदे (महाराष्ट्र)

सक्तीच्या शिक्षणाच्या वयातील मूल शाळेत येत नसेल, तर त्याची जबाबदारी कोणावर आणि त्याबद्दल काय करायचे, हे ठरवणारे नियम. बोलीभाषेत याला ‘दांडी मारणे’ किंवा ‘बुट्टी मारणे’ म्हणतात, पण त्या शब्दांत पोराचा खोडकरपणा गृहीत धरलेला असतो. महाराष्ट्रात शाळा बुडण्याची कारणे बहुतेक वेळा पोरापेक्षा घरात आणि शेतात सापडतात. कायद्याला हे उमगायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

सक्तीची मागणी जुनी आहे. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे सांगितले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध बडोदा संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक फार सावध होते. ज्या भागात पुरेशी मुले आधीच शाळेत जात असतील, तिथेच सक्ती करण्याची मुभा त्यात होती. तरीही १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला हा दंड चांगलाच झोंबणारा होता. पण महाराजांनी त्याच वेळी गावोगाव शाळा काढल्या आणि खजिन्यातून पैसाही दिला, म्हणून ही सक्ती नुसती धमकी ठरली नाही. दंडाआधी शाळा दारात हवी, हा क्रम पुढच्या अनेक कायद्यांना साधला नाही.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार मिळाला. विठ्ठलभाई पटेल यांनी तो मांडला होता. त्यानंतर आलेल्या १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमात पालकावर हजेरीचा हुकूम बजावण्याची आणि तो न पाळल्यास दंड करण्याची तरतूद होती. आजारपण किंवा जवळपास शाळा नसणे ही सबळ कारणे मानली जात. प्रत्यक्षात दंडाची पावती क्वचितच फाटली. गुरुजी वर्गातली दोन थोराड पोरे पाठवून दांडीबहाद्दराला घरून उचलून आणत, हीच त्या काळातली खरी अंमलबजावणी.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ ने सक्तीचा अर्थच उलटा केला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होणे, या तिन्हींची हमी आता शासनाने द्यायची आहे. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, पण त्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. गैरहजर मुलाचे नाव पटावरून काढून मोकळे होण्याची वाट शाळेला बंद झाली. मुलाच्या हजेरीबद्दल पालकांशी नियमित बोलणे शिक्षकाच्या कर्तव्यांत आले. मध्येच परतलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे असते, आणि दाखला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

अडचण मोजणीत आहे. महाराष्ट्रात एक महिन्याहून अधिक काळ सलग गैरहजर राहणारे मूल ‘शालाबाह्य’ धरले जाते. आता सातवीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. आठवडी बाजाराच्या दिवशी आई माळवे विकायला जाते आणि धाकट्या भावाला सांभाळायला ही घरी थांबते. महिन्याला चार दिवस गेले. वर्षाकाठी चाळीस होतात, आणि सहावी ते आठवीसाठी कायद्याने कामाचे किमान दिवस २२० ठरवले आहेत. म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा शिक्षण बुडाले, तरी ती कुठल्याही शालाबाह्य यादीत येणार नाही. अमेरिकेत दहा टक्के दिवस बुडाले की, सुट्टी सलग असो वा तुटक, मूल दीर्घकालीन अनुपस्थित समजतात. ही मोजणी आपण घेण्याजोगी आहे.

हजेरीचा सर्वांत मोठा प्रश्न ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून (मजूर जमवणाऱ्याकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. म्हणजे निम्म्या वर्षाचा अभ्यास कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, बुडतो. त्यासाठी आधी साखरशाळा, म्हणजे कारखान्यांजवळ या मुलांसाठीच्या हंगामी शाळा, निघाल्या. नंतर भर आला हंगामी वसतिगृहांवर, म्हणजे मूल गावातच ठेवून त्याच्या जेवणाची सोय करण्यावर. मूल गेलेच, तर ‘शिक्षण हमी कार्ड’ सोबत द्यायचे, म्हणजे पोहोचल्या गावची शाळा त्याला बसवून घेते. ही मुले शाळेत दाखल करण्याचे काम कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे आहे. पण उसाच्या फडावर पहाटे निघणाऱ्या आईच्या हातातले तान्हे कोण धरणार, याचे उत्तर कार्डात नाही.

शाळेचे हितसंबंधही हजेरीआड येतात. शिक्षकांची पदे आणि अनुदान पटावर ठरतात, त्यामुळे न येणाऱ्या मुलाचे नाव पटावर राहिलेले शाळेला सोयीचे असते. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत लाखो विद्यार्थी कागदावरच असल्याचे उघड झाले. उलट बाजूने, १९९२ पासून दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. शाहू महाराजांच्या दंडातला रुपया इथे हजेरीचे बक्षीस झाला. पण तो वाढलाच नाही. महागाईत त्याची किंमत एका गोळीपुरती उरली आणि ज्या घराला मुलीची दिवसभराची मदत सोडायची होती, त्याला तो पुरेसा वाटेनासा झाला.

चौदाव्या वर्षानंतर ही हमी संपते. नववीपासून उरतो तो दहावी-बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाने घातलेला ७५ टक्के उपस्थितीचा नियम. त्यात न येणाऱ्याला परत आणण्याची जबाबदारी कोणावरच नाही.