लॅब संचात पिंग जात नाही? मशीन पुसण्याआधी हे वाचा

आमच्याकडून लिनक्स लॅब संच घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि प्रशिक्षण संस्थांसाठी हे पत्रक आहे. संचात चार व्हर्च्युअल मशीनं (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) येतात. मध्ये आर-१ आणि आर-२ हे दोन राउटर, दोन टोकांना पीसी-१ (१९२.१६८.१०.१०) आणि पीसी-२ (१९२.१६८.२०.१०). पीसींवर उबुंटू सर्व्हर आहे, राउटरवर एफआरआर (रूटिंगचं सॉफ्टवेअर). लॅपटॉपवाल्यांना हा संच व्हर्च्युअलबॉक्समध्ये मिळतो, संस्थांना त्यांच्या लिनक्स सर्व्हरवर केव्हीएममध्ये बसवून देतो (दोन्ही व्हर्च्युअल मशीन चालवण्याच्याच सोयी).

या पत्रकात आज्ञांची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत. जशाच्या तशा टाइप करायच्या ओळी प्रत्येक मशीनच्या होम फोल्डरमध्ये 'आधी वाचा' या फाइलीत आहेत.

पॅकेट कुठपर्यंत पोचतं ते आधी बघा

पिंग (दुसरं मशीन उत्तर देतं का ते बघणारी आज्ञा) अडलं की बरेच जण मशीन पुसतात आणि संच पुन्हा इंपोर्ट करतात. कृपया असं करू नका. दोष बहुतेक वेळा मशीनच्या आत नसतो, जोडणीत असतो. नवं मशीनही त्याच जोडणीवर जाऊन बसतं आणि तुमची अर्धी संध्याकाळ जाते ती वेगळीच.

सगळ्यात आधी व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी बघा. 'केबल कनेक्टेड'वर टिक आहे का? आणि एकमेकांना जोडलेल्या दोन नेटवर्क कार्डांच्या इंटर्नल नेटवर्कचं (मशीनना आपसात जोडणाऱ्या नेटवर्कचं) नाव अक्षरन् अक्षर तेच आहे का? नावात एका स्पेसचा फरक पडला तरी व्हर्च्युअलबॉक्स दुसरा स्विच तयार करतो. कुठलीही एरर न दाखवता.

तरीही पिंग जात नसेल तर पीसी-१ वरून पीसी-२ ला पिंग चालू ठेवा आणि आर-१ च्या दोन्ही कार्डांवर आळीपाळीने टीसीपीडम्प (कार्डावरून जाणारी पॅकेटं दाखवणारी आज्ञा) लावा. डावीकडच्या कार्डावर 'इको रिक्वेस्ट' (पिंगची विचारणा) दिसते, पण उजवीकडच्या कार्डावर दिसत नाही? मग पॅकेट आर-१ मध्येच अडलंय. पीसी-१ वर 'नेट अनरीचेबल' उमटत असेल तर आर-१ कडे पुढचा रूट (त्या नेटवर्कपर्यंतचा मार्ग) नाही. काहीच उमटत नसेल तर आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावर आलेलं पॅकेट दुसऱ्या कार्डावरून पुढे पाठवण्याची सोय) तपासा. लिनक्स आपणहून राउटरचं काम करत नाही, फॉरवर्डिंगची किंमत १ करावी लागते. नुसत्या आज्ञेने केलेला बदल रीबूटनंतर उडतो, म्हणून सिसकंट्रोलच्या (लिनक्सच्या अंतर्गत सेटिंग्जच्या) फाइलीतही तो लिहून ठेवा.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रकार. रिक्वेस्ट आर-१ ओलांडते, आर-२ ओलांडते, पीसी-२ च्या लॅबकडच्या कार्डावरही स्वच्छ दिसते. रिप्लाय मात्र कुठल्याच राउटरवर नाही. अशा वेळी पीसी-२ च्या पहिल्या कार्डावर, म्हणजे अपडेटसाठी ठेवलेल्या, इंटरनेटला जोडणाऱ्या नॅट कार्डावर, टीसीपीडम्प लावा. रिप्लाय तिथून बाहेर पडताना दिसेल. त्या कार्डाला डीएचसीपीने (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेने) १०.०.२.२ हा डिफॉल्ट गेटवे दिलेला असतो. पीसी-२ ला १९२.१६८.१०.० चा वेगळा रूट माहीत नसेल, तर तो उत्तर त्याच गेटवेकडे सोडतो आणि ते तिकडेच हरवतं. उपाय सोपा आहे: दोन्ही पीसींवर पलीकडच्या नेटवर्कचा रूट आपापल्या राउटरकडून टाका. सराव चालू असेपर्यंत नॅट कार्डाची केबल काढून लॅबचा राउटर हाच डिफॉल्ट गेटवे ठेवला तरी चालेल. आमच्या मते शिकणाऱ्याने पहिला मार्ग घ्यावा. हाताने रूट टाकल्याशिवाय रूटिंग टेबल डोक्यात बसत नाही.

चारही मशीनच्या नॅट कार्डांवर १०.०.२.१५ हा एकच पत्ता दिसतो. ती चूक नव्हे. साध्या नॅटमध्ये व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशीनला वेगळं, एकमेकांना न दिसणारं नेटवर्क देतो. त्यामुळे त्या पत्त्यावरून मशीनं एकमेकांना कधीच सापडणार नाहीत. होस्ट-ओन्ली कार्डावर (मशीनला फक्त तुमच्या संगणकाशी जोडणाऱ्या कार्डावर) विंडोजकडून मशीनला पिंग जातं, पण मशीनकडून विंडोजला जात नाही, असं असेल तर ते विंडोजच्या फायरवॉलचं काम. लॅबला त्याने काही बाधा येत नाही.

ओएसपीएफचे शेजारी जमत नाहीत

एफआरआर बसवल्यावर ओएसपीएफ (राउटरनी एकमेकांना रूट कळवण्याची पद्धत) आपोआप सुरू होत नाही. एफआरआरच्या 'डीमन्स' फाइलीत ओएसपीएफडीसमोरचं 'नो' बदलून 'येस' करायचं आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. संच देताना आम्ही हे केलेलं असतं. तुम्ही स्वतः तिसरा राउटर जोडलात तर विसरू नका.

शेजारी दिसतो, पण 'एक्सस्टार्ट'वर अडकून राहतो? मग दोन्ही बाजूंचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. एका टोकाला १५०० आणि दुसऱ्याला १४५० असेल तर हॅलो पॅकेटं लहान असल्यामुळे ओळख होते, पण डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होताना एमटीयूचा आकडा जुळत नाही आणि गाडी तिथेच थांबते. व्हीएक्सलॅनचा (एका नेटवर्कच्या फ्रेम दुसऱ्या नेटवर्कमधून गुंडाळून नेण्याच्या पद्धतीचा) सराव करून झाल्यावर हे हमखास होतं, कारण ५० बाइट वेष्टनाला लागतात म्हणून कुणीतरी १४५० करून ठेवलेलं असतं.

आणि व्हीटीवायएसएचमध्ये (एफआरआरच्या कमांड लाइनमध्ये) काम झालं की 'राइट मेमरी'. नाहीतर रीबूटनंतर राउटर कोराच.

क्लोन काढताना

मशीनचा क्लोन (हुबेहूब प्रत) काढून पीसी-३, पीसी-४ करणं हा चांगला सराव आहे. पण नवी दोन्ही मशीनं डीएचसीपीकडून एकच आयपी घेऊन बसली, अशी तक्रार नेहमी येते. सर्व कार्डांना नवा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) देण्याचा पर्याय निवडूनही असं होतं, म्हणून लोक चक्रावतात. उबुंटू सर्व्हर (१८.०४ पासून पुढे) डीएचसीपीला आपली ओळख मॅकवरून देत नाही. ईटीसी फोल्डरमधल्या 'मशीन-आयडी' फाइलीवरून बनवून देतो. क्लोनमध्ये ती फाइल मूळ मशीनचीच उतरते. सर्व्हरला दोन्ही एकच वाटतात, तो दोघांना तोच पत्ता देतो, आणि मग एसएसएच (दुरून लॉगिन) कधी या मशीनवर जातं, कधी त्या.

म्हणून मूळ मशीन बंद करण्यापूर्वी ती फाइल रिकामी करा आणि मग क्लोन काढा. फाइल उडवू नका, फक्त आतला मजकूर काढा. पुढच्या बूटला नवा आयडी आपोआप तयार होतो. एसएसएचच्या होस्ट की सुद्धा क्लोनमध्ये नव्याने बनवा. राउटरचा क्लोन असेल तर राउटर-आयडी बदला. दोन राउटरना एकच आयडी असला तर ओएसपीएफ जो गोंधळ घालतो तो बघण्यासारखा असतो, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी नको.

सर्व्हरवर लॅब चालवणाऱ्या संस्थांसाठी

काल चालणारी लॅब आज बंद, आणि लॅबला तर कुणी हात लावलेला नाही. असं झालं तर आमचा पहिला प्रश्न असतो: सर्व्हरवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलंत का? डॉकर १.१३ या आवृत्तीपासून आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) फॉरवर्ड साखळीचं धोरण 'ड्रॉप' करतं. ब्रिजवरची (मशीनना जोडणाऱ्या आभासी स्विचवरची) पॅकेटं आयपीटेबल्समधून जात असतील, तर एकाच ब्रिजवरच्या दोन मशीनमधलं पिंगही थांबतं. ओळखायची खूण अशी: शेजारच्या मशीनचा मॅक पत्ता एआरपीच्या (आयपीवरून मॅक शोधण्याच्या) यादीत नीट दिसतो, तरी पिंग जात नाही. आयपीटेबल्स एआरपीला अडवत नाही, म्हणून असं अर्धवट चित्र दिसतं. डॉकर-यूजर साखळीत तुमच्या लॅबच्या ब्रिजला परवानगी देणारा नियम घाला. डॉकर काढून टाकायची गरज नाही.

एलएलडीपीचा (शेजारच्या उपकरणांना आपली ओळख कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा) सराव घेणाऱ्या सरांसाठी एक गोष्ट. लिनक्स ब्रिज एलएलडीपीची फ्रेम पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे मशीनं बरोबर असूनही शेजारी दिसत नाहीत. ब्रिजच्या 'ग्रुप फॉरवर्ड मास्क'मध्ये १६३८४ लिहिलं की त्या फ्रेम पलीकडे जातात. ब्रिजवर एसटीपी (नेटवर्कमधला लूप टाळणारा प्रोटोकॉल) चालू असेल तर मशीन जोडल्यावर पहिले ३० सेकंद पिंगची वाट बघू नका. १५ ऐकण्यात आणि १५ शिकण्यात जातात.

स्नॅपशॉट आणि डिस्क

मोठा बदल करण्याआधी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणीची जपून ठेवलेली अवस्था) घ्या, काम झालं की काढून टाका. स्नॅपशॉटची साखळी वाढली की डिस्क भरते, आणि होस्टची (मशीनं ज्यावर चालतात त्या संगणकाची) डिस्क भरली की मशीन मध्येच थबकतं. जागा हवी म्हणून फाइल एक्स्प्लोररमधून स्नॅपशॉटच्या फाइली मात्र कधीही डिलीट करू नका. त्या फाइलींमध्ये शेवटच्या स्नॅपशॉटनंतरचं तुमचं सगळं काम असतं. त्या गेल्या की मूळ डिस्क जुन्याच अवस्थेत उरते. प्रोग्रामच्या आतूनच काढा. त्यात विलीनीकरण होतं, वेळ लागतो, आणि त्यासाठी थोडी मोकळी जागाही लागते. म्हणून डिस्क पूर्ण भरेपर्यंत थांबू नका.

लाइट जाऊन डेस्कटॉप बंद पडला आणि मशीन सुरू होताना 'इनिटरॅमएफएस'च्या प्रॉम्प्टवर अडकलं, तर त्या प्रॉम्प्टवर एफएसचेक (डिस्कवरचे दोष दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा. पार्टिशनचं नाव पडद्यावरच दिलेलं असतं. लॅपटॉप झोपवून उठवल्यावर मशीनचं घड्याळ मागे राहिलं असेल तर अपडेट 'फाइल अजून वैध नाही' म्हणतं. क्रॉनी (घड्याळ जुळवणारी सेवा) रीस्टार्ट केलं की घड्याळ जुळतं.

आमच्याशी संपर्क करताना

पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका, त्यात आकडे वाचता येत नाहीत. अडलेल्या मशीनवर आणि त्याच्या शेजारच्या राउटरवर 'तपासणी' ही आमची स्क्रिप्ट चालवा. ती पत्ते, रूट, एआरपीची यादी आणि डिस्कची मोकळी जागा एका टेक्स्ट फाइलीत लिहिते. ती फाइल आणि शेवटचा कोणता बदल केला ते एका ओळीत, एवढं पुरेसं आहे. पासवर्ड आम्ही मागत नाही, पाठवूही नका.

संच पुन्हा इंपोर्ट करून देणं वर्षभर मोफत आहे. तुमच्या मशीनमधली कॉन्फिगरेशन वाचवून हवी असेल तर इंपोर्ट करायला सांगण्याआधी तसं कळवा.