डोळ्यांच्या रंगाची आनुवंशिकता

बाहुलीभोवतालच्या कड्याचा, म्हणजे परितारिकेचा, रंग ठरवणारी जनुके आईवडिलांकडून अपत्याकडे येण्याची प्रक्रिया. हा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. परितारिकेच्या मागच्या थरात ते बहुतेक सर्वांच्याच डोळ्यांत भरपूर असते. फरक पडतो तो पुढच्या थरात. तेथे मेलॅनिन दाट असेल तर डोळे काळेभोर किंवा तपकिरी, कमी असेल तर घारे वा हिरवट आणि अगदीच विरळ असेल तर निळे दिसतात. निळे रंगद्रव्य माणसाच्या डोळ्यात नसतेच. ती निळाई प्रकाशाच्या प्रकीर्णनातून, म्हणजे प्रकाश विखुरला जाण्यातून, येते.

तपकिरी रंग प्रभावी (एका पालकाकडून मिळाला तरी दिसणारा), निळा अप्रभावी (दोघांकडून मिळाला तरच दिसणारा), आणि सारा कारभार एकाच जनुकाकडे, असे स्पष्टीकरण अमेरिकेतील चार्ल्स व गर्ट्रूड डॅव्हनपोर्ट या दांपत्याने १९०७ मध्ये मांडले. शिकवायला सोपे म्हणून ते अजून टिकून आहे. त्यानुसार निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचे मूल होणे अशक्य ठरते. प्रत्यक्षात अशी मुले जन्मतात, क्वचित का होईना. त्यामुळे डोळ्यांच्या रंगावरून पितृत्वाबद्दल शंका घेण्याला शास्त्रीय आधार नाही.

एकाच जनुकाच्या या जुन्या स्पष्टीकरणात तथ्य मात्र बरेच आहे. पंधराव्या गुणसूत्रावर ओसीए२ आणि एचईआरसी२ ही जनुके शेजारी-शेजारी असतात. ओसीए२ मेलॅनिननिर्मितीस साहाय्य करते. ते किती सक्रिय राहावे याचे नियंत्रण एचईआरसी२ मधील एका छोट्या भागाकडे असते. तेथील डीएनएचे एकच अक्षर, म्हणजे एकच घटक, बदलले की ओसीए२ मंदावते. हा बदल आई आणि वडील दोघांकडूनही मिळाला तर डोळे बहुधा निळे होतात. दोघेही तपकिरी डोळ्यांचे असूनही त्याची एकेक प्रत बाळगून असू शकतात, आणि मग निळ्या डोळ्यांचे मूल जन्मते. हा बदल २००८ मध्ये उजेडात आला. इतर जनुके या चित्रात छटा भरतात आणि कधी ते पालटूनही टाकतात. सुमारे १,९५,००० लोकांच्या २०२१ मधील अभ्यासात डोळ्यांच्या रंगाशी निगडित असे जनुकसंचातील ६१ भाग आढळले.

गोऱ्या वंशाच्या बाळांचे डोळे जन्मतः निळसर असले तरी पहिल्या काही वर्षांत मेलॅनिन वाढून ते गडद होऊ शकतात.

डीएनएवरून निळा किंवा गडद तपकिरी रंग बऱ्याच खात्रीने ओळखता येतो. मधल्या छटांबाबत अंदाज अजूनही चुकतात. याच पद्धतीने स्पेनमधील ला ब्रान्या येथे सापडलेल्या, सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या शिकारी माणसाचा रंग तपासला गेला. त्याची त्वचा सावळी आणि डोळे निळे असावेत, असे २०१४ मध्ये जाहीर झाले.