गुग्गुळ: वैद्यांच्या वटीतून कॅप्सूलमध्ये कसा आला

गुग्गुळ म्हणजे एका काटेरी झुडपाचा डिंक. त्यापासून वैद्य करतात ती योगराज, त्रिफळा, कांचनार गुग्गुळ ही औषधं आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहेत, त्यामुळे ती परत सांगत बसत नाही. हल्ली कॅप्सूलवर आणि क्रीमवर जे 'गुग्गुळ एक्स्ट्रॅक्ट' लिहिलेलं असतं त्याची गोष्ट मात्र तशी अलीकडची आहे.

१९६६ मध्ये बनारसच्या विद्यापीठात एका संशोधक बाईंनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या (अंगात चरबी वाढण्याच्या आजाराच्या) वर्णनाचा धागा पकडून सशांवर प्रयोग केले, आणि गुग्गुळ दिल्यावर त्यांचं वाढलेलं कोलेस्टेरॉल उतरलं. पुढे लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत इथिल अ‍ॅसिटेट हे द्रावक वापरून त्या डिंकातला विरघळणारा भाग वेगळा काढला, तो गुग्गुलिपिड, आणि १९८० च्या दशकात आपल्याकडे त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. वैद्य गुग्गुळ फडक्यात पुरचुंडी बांधून त्रिफळेच्या काढ्यात सोडतात, साली-काड्या फडक्यात राहतात, मग आटवून तुपाचा हात लावून कुटतात. एक्स्ट्रॅक्टमध्ये यातलं काहीच होत नाही, पण जाहिरातीत हजारो वर्षांची परंपरा म्हणून हे एक्स्ट्रॅक्टच खपवतात हे मला अजिबात पटत नाही.

खरा वाद २००३ चा. अमेरिकेत १०३ लोकांवर ८ आठवडे चाचणी झाली, दिवसातून तीनदा १००० किंवा २००० मिलिग्रॅम गुग्गुलिपिड, आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कमी व्हायच्या ऐवजी ४-५ टक्के वाढलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं उलट ५ टक्के उतरलं. आपल्याकडे लगेच ओरड झाली की ते लोक नेहमीचं अमेरिकन जेवण जेवत होते, पथ्य कुठे होतं? मुद्दा बरोबर आहे, कारण १९९४ च्या आपल्या ६१ जणांच्या चाचणीत फळं-भाज्यांचा आहार गुग्गुलिपिड आणि खोटी गोळी घेणाऱ्या दोन्ही गटांना होता आणि तिथे गुग्गुलिपिडवाल्यांचं एलडीएल साडेबारा टक्के उतरलं होतं. पण बाटलीवर 'पथ्य पाळलं तरच' असं कोण छापतं? लोक वडापाव खाऊन वर कॅप्सूल घेतात, मग चाचणीही तशाच लोकांवर व्हायला हवी ना. आणि या भांडणात एक गोष्ट मागेच पडली, गुग्गुलिपिड घेणाऱ्यांपैकी काहींच्या अंगावर रॅश उठलं होतं. पोटात घेऊन असं होत असेल तर तोच अर्क त्वचेच्या क्रीममध्ये घालताना हे आधी सांगायला नको का?

नंतर अमेरिकेत तो सप्लिमेंट म्हणून विकला जातच राहिला, कारण तिथे सप्लिमेंटला बाजारात यायच्या आधी गुण सिद्ध करावा लागत नाही, हा १९९४ चा कायदा. मागणी वाढली ती कच्छ-राजस्थानच्या काटेरी झुडपांच्या मुळावर आली. हे झाड डिंक देण्याजोगं व्हायलाच कित्येक वर्षं लागतात आणि जास्त डिंक यावा म्हणून खोल चिरे देऊन वर लेप भरले की ते वाळून मरतं. २०१५ पासून धोक्यातल्या जीवजातींच्या जागतिक लाल यादीत ते अतिसंकटग्रस्त आहे.